घरच्या कार्यशाळेत पाच खणांचं कपाट (लाकूड : आजोळच्या वाड्याचं)

पाचखणी, २० एप्रिल

नमस्कार मंडळी. गेले चौदा महिने माझे शनिवार-रविवार ज्या कामात गेले ते परवा पूर्ण झालं, म्हणून हा धागा काढतोय. जरा मोठा झालाय, सांभाळून घ्या.

आईचं माहेर नारायण पेठेतलं, नदीच्या बाजूचा वाडा. तीन वर्षांपूर्वी तो विकसकाकडे गेला. पाडकाम सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात मामाचा फोन आला, "लाकडाचं वेड आहे ना तुला, ये आणि हवं ते घेऊन जा." टेम्पो करून गेलो. ९ बाय ६ इंचांच्या दोन तुळया आणि ओसरीचा एक खांब पदरात पडला. सगळं सागवान. खांबावर डोक्याच्याही वर एक आडवी फिकट रेघ आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हाच्या पाण्याची. आई अकरा वर्षांची होती. ती रेघ रंधायची नाही, ही तिची एकच अट.

माझी कार्यशाळा म्हणजे सहकारनगरच्या बैठ्या घराचं पार्किंग, दहा बाय अठरा फूट. गाडी रस्त्यावर असते.

भवानी पेठेत टिंबर मार्केटला तुळया चिरून घ्यायला नेल्या. त्याआधी खिळे काढण्यात दोन रविवार गेले. जुने घडीव चौकोनी खिळे, डोकं गंजून गेलेलं, वरून काहीच दिसत नाही. खूण एकच : सागात लोखंड असेल तिथे आजूबाजूचं लाकूड काळं-निळं पडतं. असा डाग दिसला की पटाशीने कोरायचं आणि पकडीने ओढायचं. एकेचाळीस खिळे निघाले. बेचाळिसावा गिरणीच्या पात्याला सापडला. पात्याचे दात गेले, ते मी भरून दिले. माझीच चूक होती, चुंबक फिरवून बघायला हवं होतं. जुनं लाकूड चिरून घेणाऱ्यांनी एक दमदार चुंबक दोऱ्याला बांधून इंचन्‌इंच फिरवावा.

कपाट ३० इंच रुंद, १८ इंच खोल, पाय धरून साधारण ४० इंच उंच. पाच खण, वरून खाली ४, ५, ६, ७ आणि ८ इंचांचे. खणांच्या दर्शनी फळ्या आणि कपाटाचा सांगाडा सागाचा. खणांच्या बाजू शिवणीच्या लाकडाच्या, १२ मिमी जाड, ती हलकी असते आणि रंध्याखाली लोण्यासारखी निघते. कोपरे सगळे हातकरवत आणि पटाशीने कापलेले डोव्हटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीच्या आकाराचे, एकमेकांत अडकणारे दात. पुढच्या बाजूला झाकलेले, म्हणजे समोरून सांधा दिसत नाही, खण ओढला की बाजूला दिसतो. दातांचा उतार १ ला ८. तळाला ६ मिमी प्लाय, खाचेत. खण सरकायला धातूचं चॅनेल नाही, लाकडावर लाकूड.

पुराची रेघ असलेला तुकडा तिसऱ्या खणाची मागची फळी झालाय. खांब आडवा झाल्यामुळे रेघ आता उभी आहे. आईने खण पूर्ण ओढला आणि बराच वेळ तिच्यावर बोट फिरवत बसली.

खण आणि वरची पट्टी यांत १ मिमी फट ठेवली आहे. लाकडाने शंभरी ओलांडली आहे, हलायचं ते हलून झालंय, म्हणून जास्त ठेवली नाही. खण असा सरकतो की एक आत ढकलला तर आतल्या हवेने दुसरा बोटभर बाहेर येतो. फोटो खाली देतोय. काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.

वानवडीकर, २० एप्रिल

अप्रतिम काम! रेघेच्या फोटोवर थांबलो. आमचं बिऱ्हाड तेव्हा शनिवार पेठेत होतं, आजी त्या दिवसाबद्दल फार बोलायची नाही.

नवशिका, २१ एप्रिल

दादा, मला खण करायला शिकायचंय. हातात फक्त ड्रिल आणि एक करवत आहे. बावधनला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, छोटी बाल्कनी. सुरुवात कशाने करू? आणि लाकूड आणायला गेल्यावर दुकानदार घनफुटात भाव सांगतात, ते काही कळत नाही.

पाचखणी, २१ एप्रिल

घनफूट सोपं आहे. रुंदी इंचात, जाडी इंचात, लांबी फुटात. तिन्हींचा गुणाकार करायचा आणि १४४ ने भागायचं. ८ इंच रुंद, १ इंच जाड, ६ फूट लांब फळी म्हणजे ४८ भागिले १४४, एक तृतीयांश घनफूट. रंधून, कापून, गाठी टाळून जे वाया जातं त्यासाठी पाव हिस्सा जास्तच घ्या.

सुरुवातीला सागाच्या वाटेला जाऊ नका. शिवण घ्या, नाहीतर पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन. पहिलं काम : एका खणाची पेटी, बुटाच्या खोक्याएवढी. हत्यारं : बारीक दातांची करवत, एक रंधा, ६, १२ आणि २५ मिमीच्या तीन पटाश्या, गुण्या (काटकोन बघायचं हत्यार), धारेचा दगड आणि चार क्लॅम्प. गुण्या चांगला घ्या, तिथे पैसे वाचवू नका. तो फसवा निघाला तर सगळंच तिरकं होतं आणि दोष कुठे आहे ते कळायला महिना जातो.

तपासायची रीत : फळीच्या सरळ कडेला गुण्या लावून पेन्सिलीने रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच ठिकाणी पुन्हा मारा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा.

बोहरीआळी, २१ एप्रिल

नवीन हत्यारं रविवार पेठेत बोहरी आळीत बघा. पण रंधा मात्र जुन्या बाजारात शोधा. बुधवारी किंवा रविवारी सकाळी लवकर जायचं. गंज बघून घाबरू नका, गंज निघतो. बिडाच्या अंगाला तडा नाही ना आणि पातं बोटभर तरी शिल्लक आहे ना, एवढं बघा. मी अशाच एका रंध्याचा तळ काचेवर पॉलिश पेपर चिकटवून घासून सपाट केला. आज माझ्याकडे त्याच्याइतकं चांगलं हत्यार नाही.

आणि धार! पातं २५ अंशांत घासून टोकाला ३० अंशांची बारीक धार द्या. हातावरचे केस निघाले की झाली. बोथट पटाशी जास्त जोर मागते आणि जोर लावला की ती निसटते. हाताला लागतं ते बोथट हत्यारानेच.

सुताराची लेक, २२ एप्रिल

पाचखणी दादा, काम बघून डोळे निवले. डोव्हटेलच्या कोपऱ्यांचे फोटो मोठे करून बघितले, पेन्सिलीची रेघ शिल्लक ठेवून कापलंयत, हात तयार आहे तुमचा.

एका गोष्टीची मात्र काळजी वाटते. माझे बाबा सुतार होते, मुळशीकडचे, पुढे भोर भागातही कामं केली. जुनं लाकूड हलत नाही हा समज त्यांनी आयुष्यभर खोडून काढला. लाकूड जुनं झालं म्हणजे त्यातला झाडाचा ओलावा गेला. हवेतला ओलावा घेणं आणि सोडणं त्याचं थांबत नाही, शंभर वर्षांनीही नाही. तुम्ही खण बसवलेत एप्रिलमध्ये, पुण्याची हवा सगळ्यात कोरडी असते तेव्हा. ८ इंचाच्या खणाला १ मिमी फट मला कमी वाटते. आत्ता काही करू नका, पण जुलैत लक्ष ठेवा. ओढून काढायची वेळ आली तर जोर लावू नका, आधी इथे लिहा.

टेरेसवर, २२ एप्रिल

एवढा त्रास कशाला? टेलिस्कोपिक चॅनेल लावा, विषय संपला. मी घरातले सगळे खण चॅनेलवर केलेत. दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच सोडायचा, म्हणजे कपाटाच्या आतल्या मापापेक्षा खण २६ मिमी अरुंद करायचा, आणि समोरची फळी बाहेरून बसवायची. पावसाळा असो, उन्हाळा असो, खण अडकत नाही. शिवाय पूर्ण बाहेर येतो, मागचं सामान दिसतं.

पाचखणी, २२ एप्रिल

स्वयंपाकघरात मीही चॅनेलच लावलेत, कुकर आणि कढया ठेवायच्या असतील तर त्याला तोड नाही. या कपाटात लावावंसं वाटलं नाही. चॅनेलचा एक इंच प्रत्येक खणातून जातो आणि इतक्या कष्टाने कापलेल्या सांध्यावर पत्रा येतो. पण तुमची सूचना नवशिका यांच्यासाठी योग्य आहे. फक्त कपाटाच्या दोन्ही बाजू समांतर असायला हव्यात. मागे-पुढे मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक पडला तरी चॅनेल घासायला लागतं.

ताई, तुमचं म्हणणं लक्षात ठेवतो. खरं सांगायचं तर अजून पटलेलं नाही.

शिवण, २५ एप्रिल

धूळ आणि आवाजाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. सागाच्या भुश्याने मला दोन वर्षं सर्दी-खोकला होता आणि मी तो हवापाण्याचा समजत होते. लाकडाची धूळ कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते जाहीर केलेलं आहे. सँडर चालवताना कापडी रुमाल चालत नाही, नीट बसणारा एन-९५ लावा. भुसा झाडू नका, व्हॅक्यूमने ओढा.

सोसायटीत राहणाऱ्यांसाठी : निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते ६. राउटर (लाकडात खाचा पाडायचं यंत्र) ती सहज ओलांडतो. मी शेजारच्या काकूंना विचारून सकाळी ११ ते १ ही वेळ ठरवली, दुपारी त्या झोपतात. बाकीच्या वेळी हातरंधा आणि हातकरवत. त्यांचा आवाज मला आता आवडायलाच लागलाय.

आणि जवसाचं तेल लावलेली फडकी चोळामोळा करून डब्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

पाचखणी, १४ जुलै

धागा वर काढतोय. ताई, तुमचंच खरं ठरलं.

मागच्या आठवड्यात सलग पाऊस होता. आईला पोथी काढायची होती, ती सगळ्यात खालच्या खणात असते. तिने ओढलं, खण हलेना. पुन्हा जोर लावला आणि पितळी मूठ हातात आली. सुदैवाने पडली नाही. मला तिने फोनसुद्धा केला नाही, मी संध्याकाळी घरी आल्यावर मूठ टेबलावर ठेवलेली दिसली. वाईट याचं वाटलं की तिला वाटत होतं आपल्या हातून मोडलं.

आता मापं. वरचा ४ इंची खण सरकतो. ५ चा घासतो. खालचे तिन्ही अडकलेत. वरचे दोन काढले, कपाटाची मागची फळी स्क्रूवर आहे म्हणून ती उघडली आणि आतून हलक्या हाताने ठोकत एकेक बाहेर काढला. एप्रिलमध्ये ओलावा मोजायच्या मीटरवर सागाचा आकडा ९ टक्के होता, आज साडेतेरा. सगळ्यात खालची दर्शनी फळी तेव्हा २०० मिमी होती. आज २०१.६. लांबीला मात्र काही फरक नाही. शिवणीच्या बाजू फुगल्यात, पण सागापेक्षा कमी.

आता काय करू? रंधू का? आणि डिसेंबरात काय होईल?

सुताराची लेक, १४ जुलै

आईंना आधी सांगा, त्यांच्या हातून काही मोडलेलं नाही.

तुमच्या मापांतच सगळं उत्तर आहे. लाकूड रेषांच्या, म्हणजे तंतूंच्या, आडव्या बाजूला फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. तुमच्या खणाच्या फळीच्या रेषा आडव्या आहेत, म्हणून ती उंचीला वाढली. कपाटाच्या बाजूंच्या रेषा उभ्या आहेत, म्हणून खणाची जागा उंचीला वाढली नाही. खण वाढला, दार तेवढंच राहिलं. आणि वाढ रुंदीच्या प्रमाणात असते म्हणून खालचे मोठे खण आधी अडकले. ४ इंचाला जेवढं, ८ इंचाला त्याच्या दुप्पट.

दुसरं, फळीच्या टोकाला झाडाच्या वाढीच्या वर्तुळांच्या रेघा कशा आहेत बघा. फळीवर झोपलेल्या असतील तर ती जास्त हलते, उभ्या असतील तर साधारण निम्मीच. मोठ्या खणांना उभ्या रेघांची फळी ठेवायची आणि झोपलेली छोट्यांना द्यायची. बाबा गिरणीतून माल आला की आधी टोकं बघून खडूने आकडे घालायचे, मग पुढचं काम.

रंधा, आत्ताच रंधा. घाई म्हणून नाही. लाकूड पावसाळ्यात सर्वांत फुगलेलं असतं, याहून फार जास्त ते फुगणार नाही. आत्ता अर्धा मिमी फट ठेवून बसवलंत की पुन्हा सहसा अडकणार नाही. रंधताना कोपऱ्याकडून मध्याकडे या, कोपऱ्यातून बाहेर रंधा काढलात तर डोव्हटेलच्या टोकाची ढलपी उडेल. वरच्या कडेचं डावी-उजवीकडे सारखं काढा, आधी पेन्सिलीने कड रंगवून घ्या म्हणजे कुठे घासतंय ते कळेल. तळाच्या कडेला हात लावू नका, ती ज्या पट्टीवर सरकते तिच्याशी जुळलेली आहे.

एक विचारते : खण ज्यावर सरकतात त्या पट्ट्या कपाटाच्या बाजूंना कशा लावल्यात? पूर्ण लांबीला फेविकॉल लावलाय का?

पाचखणी, १४ जुलै

नाही, पुढे चार इंच फेविकॉल आणि मागे लांबट भोकातून स्क्रू. हे मी आधी वाचलं होतं. बाजूंच्या फळ्या खोलीच्या दिशेला फुगतात-आकसतात आणि पट्टी लांबीला हलत नाही, पूर्ण चिकटवली तर बाजू तडकते. हे कळत होतं आणि तरी खणाच्या बाबतीत तोच नियम सोडला. जुन्या लाकडावर विश्वास फार होता.

सुताराची लेक, १५ जुलै

मग कपाट वाचलं तुमचं. डिसेंबरात खण आकसून फट वाढेल, ती बघून जीव खाऊ नका.

अजून एक. बाहेरून पॉलिश आहे, खणांच्या आतून आहे का? फोटोत आतलं लाकूड कोरं दिसतंय. एका बाजूला पॉलिश आणि दुसरी उघडी असेल तर ओलावा एकाच बाजूने ये-जा करतो आणि फळी वाकते. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडी लाखेचे दोन हात आतूनही द्या. पण आत्ता नको, पाऊस थांबू दे, ओल्या हवेत लाख पांढरी पडते. ती ओलावा पूर्ण अडवत नाही, पण चढ-उतार सावकाश होतो. सरकणाऱ्या कडांना पॉलिश नको, तिथे मेणबत्ती घासा. साबण घासू नका, तो पाणी धरतो.

टेरेसवर, १५ जुलै

मी चॅनेलवाला असलो तरी हे सगळं वाचून ठेवलं. माझ्या एका खणाला सागाचा अखंड तळ आहे, चारही बाजूंनी खाचेत चिकटवलेला. मागच्या वर्षी पुढचा सांधा उघडला होता, कारण आत्ता कळलं.

पाचखणी, १५ जुलै

अखंड लाकडाचा तळ असेल तर रेषा डावीकडून उजवीकडे ठेवा. खाच फक्त पुढे आणि दोन्ही बाजूंना. मागची फळी कमी उंचीची करा म्हणजे तळ तिच्याखालून मागे सरकू शकेल. मागे एकच स्क्रू, लांबट भोकात. तळ फुगेल तो मागच्या बाजूला, कुणाला ढकलणार नाही.

पाचखणी, १९ जुलै

झालं. तिन्ही खण रंधले, सगळ्यात जास्त १.१ मिमी काढावं लागलं. इतक्या जुन्या सागाच्या ढलप्या निघताना जो वास येतो तो अजून कार्यशाळेत आहे, एक मूठभर आईने कपड्यांत ठेवायला नेल्या. मूठ आता स्क्रूऐवजी आरपार बोल्टवर आहे, आतून वॉशर लावून.

वानवडीकर, ६ डिसेंबर

काय म्हणतंय कपाट?

पाचखणी, ७ डिसेंबर

ऑक्टोबरात आतून लाख दिली. खालच्या खणावर आज पावणेदोन मिमी फट आहे, वरच्यावर एक. उभं राहून बघितलं तर दिसते. आईला विचारलं, खटकतं का? ती म्हणाली वाड्यातल्या फडताळाची दारं थंडीत अशीच सैल पडायची आणि पावसाळ्यात खांद्याने लावावी लागायची. एप्रिलमध्ये आणखी वाढेल, तेव्हा मोजून टाकतो.

पुराची रेघ असलेल्या खणात तिने आजोबांचा चष्मा आणि माहेरची पत्रं ठेवलीत.

नवशिका, ७ डिसेंबर

दादा, ताई, माझी पेटी कापून तयार आहे! शिवणीची, जुन्या बाजारातल्या रंध्याने रंधलेली. पहिले दोन कोपरे फेकून द्यावे लागले, तिसरा आणि चौथा बसला. फोटो टाकलाय. खणाची उंची ६ इंच. आज बसवणार आहे. फट किती ठेवू?

सुताराची लेक, ७ डिसेंबर

शिवण आहे आणि डिसेंबर आहे, तर दीड मिमी. आज सैल वाटेल, तसंच राहू द्या. चिकटवण्याआधी खण एकदा सुका लावून दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले तरच फेविकॉल. आणि तिसऱ्या कोपऱ्याचा फोटो जवळून टाका, खालच्या खाचेत मला पटाशीचा एक घाव दिसतोय, तो कुठून आला ते सांगते.